पावसाच्या अंदाजातला आकडा आणि त्याचा भरवसा

दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर हवामान खाते मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर करते आणि त्याच्या आगेमागे 'एल निनो' हा शब्द बातम्यांत दिसू लागतो. प्रशांत महासागराचे पाणी तापते आहे असे कळले, की बियाणे-खतांच्या दुकानदारापासून साखर कारखान्याच्या संचालकापर्यंत सारे मनाशी दुष्काळ पक्का करून टाकतात. पाणी तापलेले नसेल, तर तेवढ्याच सहजपणे सगळे निर्धास्त होतात. दोन्ही वेळा गफलत होते. एल निनोचा आणि आपल्या पावसाचा संबंध आहे, ही गोष्ट खरी आहे. तो किती आहे, केव्हापासूनच्या नोंदींत आहे आणि कुठे संपतो, हे मात्र कोणी विचारत नाही.

हा 'किती' मोजणाऱ्या आकड्याला संख्याशास्त्रात सहसंबंध गुणांक म्हणतात. पाठ्यपुस्तकात तो दोन-तीन पानांत आटोपतो. परीक्षेत पाच गुणांचे गणित येते आणि विषय संपतो. भारतात मात्र या आकड्याचा इतिहास दुष्काळाच्या इतिहासात गुंतलेला आहे. जगातल्या हवामानशास्त्रात तो सुरुवातीच्या काळातच फार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला तो भारतीय पावसासाठी, आणि त्याचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा ही दोन्ही याच पावसाने उघड केली. तो इतिहास नीट पाहिला तर आज अंदाज कसा सांगावा आणि कसा ऐकावा, याबद्दल काही ठाम गोष्टी म्हणता येतात.

सुरुवात १८७६ पासून करावी लागेल. त्या वर्षी दख्खनेत पाऊस फसला आणि १८७७ मध्ये पुन्हा फसला. सोलापूर, अहमदनगर, सातारा, पुणे, कलादगी हे जिल्हे होरपळले. मद्रास आणि म्हैसूरकडची स्थिती त्याहून भीषण होती. ज्या दुष्काळाने निदान ५० लाख माणसे नेली, त्याचे गावोगावचे तपशील पुण्याच्या सार्वजनिक सभेने आपले प्रतिनिधी पाठवून गोळा केले आणि सरकारपुढे मांडले. भारतीय हवामान खाते तेव्हा जेमतेम वर्षाचे होते. त्याची स्थापना १८७५ ची. पाऊस आधी कळू शकतो का, हा प्रश्न त्या काळात प्रशासनाच्या दृष्टीने जीवनमरणाचा झाला.

उत्तर शोधायला पहिली धाव गेली ती सूर्याकडे. सूर्यावरच्या डागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते. भारताच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख विल्यम हंटर यांनी मद्रासच्या पावसाच्या नोंदी या चक्राशेजारी ठेवल्या. डाग कमी असतात तेव्हा पाऊस कमी पडतो, असे त्यांनी १८७७ मध्ये मांडले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये स्टॅन्ले जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने साखळी आणखी लांबवली: सूर्यावर डाग कमी, म्हणून भारतात पीक कमी, म्हणून भारताची इंग्लिश मालाची खरेदी कमी, म्हणून इंग्लंडच्या व्यापारात मंदी. ही दोघेही गंभीर, अभ्यासू माणसे होती. त्यांच्यापाशी आकडे होते, चढउतार जुळताना दिसत होते आणि कार्यकारणाची गोष्टही तयार होती. नव्हते ते मोजमाप. दोन गोष्टी किती जुळतात आणि योगायोगाने किती जुळू शकतात, हे सांगणारी रीतच अजून जन्मली नव्हती.

हेन्री ब्लॅनफर्ड यांचेही तेच. हवामान खात्याच्या या पहिल्या प्रमुखांनी १८८४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला: वसंतात हिमालयावर बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत टिकले, तर उत्तर-पश्चिमेचे कोरडे वारे जोर धरतात आणि मोसमी पाऊस कमी होतो. मोजक्या वर्षांचे निरीक्षण होते, पण त्यामागे भौतिक कारण सुचवलेले होते. त्याच आधारावर ४ जून १८८६ रोजी भारतासाठी हंगामी पावसाचा पहिला नियमित अंदाज निघाला.

ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी अंदाजपत्रक लांबलचक आणि तपशीलवार केले. १८९९ साली त्यांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला. झाले ते उलट. पश्चिम आणि मध्य भारताला ज्या दुष्काळाने झोडपले, त्याची आठवण गुजरात-राजस्थानात विक्रम संवत १९५६ वरून 'छप्पनियो' म्हणून अजून निघते. वृत्तपत्रांनी खात्यावर इतकी टीका केली की पुढे काही वर्षे सरकारने अंदाज गोपनीयच ठेवले.

या पार्श्वभूमीवर १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर सिमल्याला आले. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आलेले होते. हवामानशास्त्राशी त्यांचा पूर्वीचा संबंध जवळजवळ नव्हता. मला ही नेमणूक फार महत्त्वाची वाटते. पावसाचे भौतिकशास्त्र तेव्हा इतके अपुरे होते की समीकरणे मांडून पाऊस काढणे अशक्य आहे, हे गणितज्ञालाच प्रामाणिकपणे दिसू शकत होते. मग वॉकर यांनी ठरवले, की कारण माहीत नसले तरी नाते मोजता येईल.

मोजण्याचे साधन तोपर्यंत तयार झाले होते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८८ मध्ये माणसाची उंची आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी यांचे नाते एका आकड्यात पकडले होते. कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये त्याला आजचे सूत्र दिले. त्या सूत्रातली कल्पना पावसाच्या उदाहरणाने सरळ सांगता येते. समजा, ४० वर्षांचा पाऊस आणि त्याच ४० वर्षांतला मॉरिशसचा मे महिन्यातला हवेचा दाब आपल्यापाशी आहे. प्रत्येक वर्षी पाऊस त्याच्या सरासरीपेक्षा किती वर-खाली होता ते काढायचे, दाबाचेही तसेच. दोन्ही फरकांचा गुणाकार करायचा. दोन्ही एकाच बाजूला झुकले असतील तर गुणाकार धन येतो, विरुद्ध बाजूंना झुकले असतील तर ऋण. सगळ्या वर्षांच्या गुणाकारांची सरासरी घेऊन ती दोन्ही राशींच्या नेहमीच्या चढउताराने भागली, की उत्तर उणे १ आणि अधिक १ यांच्या मध्ये कुठेतरी येते. १ म्हणजे पूर्ण साथ, उणे १ म्हणजे पूर्ण विरोध, आणि शून्य म्हणजे सरळ रेषेत मांडता येईल असे काही नाते नाही.

हे सूत्र हाती घेऊन वॉकर यांनी सारे जग पिंजून काढले. सिमल्याच्या कचेरीत भारतीय कारकुनांची फळी बसवली आणि दाब, तापमान, पाऊस, नद्यांची पातळी, बर्फ अशा नोंदी ऋतूंनुसार मांडून त्यांचे परस्परसंबंध हाताने काढवून घेतले. आज संगणक क्षणात करतो ते काम ही माणसे कागद-पेन्सिलीने वर्षानुवर्षे करत होती. त्यांची नावे शास्त्राच्या इतिहासात क्वचितच येतात. १९०९ मध्ये या कामातून पहिले अंदाजसूत्र निघाले. त्यात चार घटक होते: मे अखेरचे हिमालयातले बर्फ, मॉरिशसचा दाब, दक्षिण अमेरिकेतला वसंतातला दाब आणि झांझिबारचा एप्रिल-मेमधला पाऊस. सोलापूरच्या शेतकऱ्याच्या पावसाचा माग झांझिबार आणि दक्षिण अमेरिकेत शोधला जात होता, आणि तो काही अंशी सापडतही होता.

वॉकर यांचे मोठेपण मला सूत्रापेक्षा त्यांच्या सावधपणात दिसते. शेकडो जोड्या तपासल्या की काही जोड्यांत मोठा आकडा निघणारच, हे त्यांनी ओळखले आणि १९१४ च्या निबंधात त्यासाठी कसोटी घालून दिली. या कसोटीचे मर्म असे. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या १०० जोड्या घ्या, प्रत्येकीच्या ४० वर्षांच्या नोंदी घ्या. त्यांतल्या सुमारे पाच जोड्यांत गुणांक ०.३१ पेक्षा मोठा येईल, निव्वळ योगायोगाने. संशोधकाने त्या पाचच जोड्या छापल्या आणि उरलेल्या ९५ ची वाच्यता केली नाही, तर वाचकाला वाटेल पाच शोध लागले. म्हणून गुणांक किती आला याच्याआधी तो किती जोड्यांतून निवडला, हे विचारले पाहिजे. सूर्यावरच्या डागांनाही वॉकर यांनी याच तराजूत टाकले. १९१५ च्या सुमारास जगभरातल्या पावसाशी त्यांचे गुणांक काढले आणि हंटर यांच्या सिद्धान्तावर विसंबावे इतके बळ त्यांत निघाले नाही.

पुढे १९२६ मध्ये अडनी यूल यांनी दुसरा धोका दाखवून दिला. काळाबरोबर संथपणे चढत किंवा उतरत जाणाऱ्या दोन राशी एकमेकींशेजारी ठेवल्या, की त्यांचा गुणांक फार मोठा येतो, मग त्यांचा परस्परांशी काही संबंध असो वा नसो. इंग्लंडमधल्या चर्चविवाहांचे घटते प्रमाण आणि घटता मृत्युदर हे त्यांचे उदाहरण होते. गेल्या ५० वर्षांत वाढत गेलेली कोणतीही गोष्ट घ्या, ती वाढत गेलेल्या दुसऱ्या कोणत्याही गोष्टीशी अशीच जुळेल.

वॉकर यांच्या आकडेमोडीतून जे मोठे चित्र उभे राहिले, ते त्यांनी १९२४ मध्ये 'दक्षिणी आंदोलन' या नावाने मांडले. प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि तिकडे उतरला की इकडे चढतो. ऑस्ट्रेलियातले चार्ल्स टॉड यांनी १८८८ मध्येच भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचे दुष्काळ बरोबर येतात असे म्हटले होते. वॉकर यांनी त्याला जगाच्या नकाशावर आकड्यांचा आधार दिला.

त्याच वर्षी ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. १९२८ मध्ये हवामान खात्याची कचेरी सिमल्याहून पुण्याला आली. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकाला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. हंगामी अंदाजाची परंपरा तेव्हापासून पुण्यात आहे, आणि तिचा पुढचा प्रवास सुखाचा नव्हता. वॉकर यांची सूत्रे हळूहळू ढिली पडत गेली. ज्या घटकांचा पावसाशी संबंध १९०० च्या आसपासच्या नोंदींत ठळक दिसत होता, तो पुढच्या दशकांत क्षीण झाला. १९५८ मध्ये वॉकर वारले तेव्हा लंडनमधल्या मृत्युलेखात, त्यांच्या आशेप्रमाणे काही घडताना दिसत नाही, असाच सूर होता. दक्षिणी आंदोलन ही आकड्यांची एक विचित्र गोष्ट म्हणून बाजूला पडली.

वॉकर यांच्यानंतर काही वर्षांनी खात्याचे प्रमुख झालेले चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ मध्ये एक निरीक्षण मांडले. ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत खोल वाटते. भारतीय पावसाचा दक्षिणी आंदोलनाशी संबंध आहे, पण पावसाच्या आधीच्या महिन्यांतल्या आंदोलनाशी तो कमी आहे आणि नंतरच्या महिन्यांतल्या आंदोलनाशी जास्त. म्हणजे जगाच्या हवामानावरून भारताचा पाऊस सांगण्यापेक्षा भारताच्या पावसावरून पुढचे जगाचे हवामान सांगणे अधिक सोपे! गुणांकाला दिशा नसते, हे आपण पाठ करतो. पाऊस आणि दाब यांची जागा अदलाबदल केली तरी आकडा तोच राहतो. इथे मात्र काळाचा क्रम तपासल्यावर ध्यानात आले, की मान्सून हा केवळ दूरच्या घटनांनी हलणारा पाहुणा नाही. तो स्वतःही दूरच्या घटना हलवतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही निराशेची बातमी होती, कारण त्याला हवा असतो तो आधीचा इशारा.

वॉकर यांचे काम पुन्हा उजेडात आले ते १९६९ मध्ये. याकोब ब्यर्कनेस यांनी दाखवले, की पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना नाताळच्या सुमारास जाणवणारे तापलेले पाणी, म्हणजे एल निनो, आणि वॉकर यांचे दक्षिणी आंदोलन या एकाच यंत्रणेच्या दोन बाजू आहेत. प्रशांत महासागराच्या पूर्वेला पाणी थंड आणि पश्चिमेला उबदार असताना वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. पश्चिमेला हवा वर चढते, ढग होतात, पूर्वेला ती खाली उतरते. पूर्वेचे पाणी तापले की हे वारे मंदावतात, वर चढणाऱ्या हवेची जागा पूर्वेकडे सरकते आणि आपल्या बाजूला हवा खाली बसू लागते. खाली बसणारी हवा ढगांना मुळात उभेच राहू देत नाही. ब्यर्कनेस यांनी या वाऱ्याच्या चक्राला वॉकर यांचे नाव दिले. सुमारे ४५ वर्षे केवळ गुणांक म्हणून पडून असलेल्या नात्याला कारण मिळाले.

कारण मिळते म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने तीनच वर्षांत पाहिले. १९७२ मध्ये प्रबळ एल निनो आला आणि देशाचा पाऊस सरासरीच्या सुमारे २४ टक्के कमी पडला. महाराष्ट्रात ज्यांनी ते वर्ष काढले, त्यांना अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे आजही आठवतात. त्याच कामांमधून पुढे रोजगार हमी योजना आकाराला आली. त्याच वर्षी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पेरूचा मासेमारीचा धंदा बसला. १९७० मध्ये १ कोटी २० लाख टनांहून अधिक अँचोव्ही मासा काढणारा तो देश १९७३ मध्ये २० लाख टनांच्या आसपास आला. अतिरिक्त मासेमारीने खिळखिळा झालेला साठा तापलेल्या पाण्याने पुरता ढासळला. पेरूची मासळी आणि मराठवाड्याची ज्वारी यांचे आकडे शेजारी ठेवले तर त्या वर्षी दोन्ही एकदम कोसळताना दिसतात. मासळी घटल्याने ज्वारी घटली नाही, ज्वारी घटल्याने मासळी घटली नाही. दोन्हीच्या मागे एकच तिसरी गोष्ट उभी होती, प्रशांत महासागर. सहसंबंध दिसला की 'यामुळे ते' म्हणण्याची आपली खोड मोडायला या उदाहरणाहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, आणि ते शाळेच्या पुस्तकात यायला हवे.

यानंतर एक आशेचा काळ आला. १९८२ आणि १९८७ या एल निनोच्या दोन्ही वर्षी दुष्काळ पडला, नाते अतिशय घट्ट वाटू लागले. १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली १६ घटकांचे अंदाजसूत्र वापरात आले: जगभरातली तापमाने, दाब, वारे आणि बर्फ यांचा मेळ घालणारे. हे काम या मातीतले, या माणसांचे होते. वॉकर यांच्यानंतर प्रथमच अंदाजाला लोकांत एवढी पत मिळाली. १९८८ ते २००१ अशा सलग १४ वर्षांत देशव्यापी दुष्काळ आला नाही आणि सूत्रानेही तो सांगितला नाही.

मग २००२ आले. अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के. पडला ८१ टक्के, आणि जुलैचा पाऊस तर निम्म्याच्या आसपास आला. पेरण्या करून बसलेल्या शेतकऱ्याने तो जुलै कसा काढला असेल, याची कल्पना करवत नाही. गोवारीकरांच्या कामाची टवाळी त्या वर्षी पुष्कळ झाली. ती अन्यायाची होती, पण सूत्रातला दोष खरा होता आणि तो समजून घेण्यासारखा आहे. सोळा घटक आणि त्यांना जुळवायला जेमतेम तीन-चार दशकांच्या नोंदी. इतके घटक एवढ्या थोड्या वर्षांना बसवले, की सूत्र मागच्या वर्षांचा योगायोगही इमानाने पाठ करते. शिवाय ज्या घटकांवर ते उभे होते, त्यांतल्या अनेकांचे पावसाशी नाते मधल्या काळात विरले होते. वॉकर यांच्या १९१४ च्या इशाऱ्याचा विसर पडला होता, असेच म्हणावे लागते. २००३ मध्ये सूत्र बदलले, घटक कमी केले. २००४ मध्ये तेही चुकले.

खरे तर धोक्याची खूण १९९७ मध्येच दिसली होती. शतकातला सर्वांत प्रबळ मानला गेलेला एल निनो त्या वर्षी आला आणि भारतात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के पडला. उलट बाजूने, १९७४ आणि १९७९ चे दुष्काळ एल निनोशिवाय आलेले होते. १९९९ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले के. कृष्ण कुमार आणि त्यांचे सहकारी यांनी 'सायन्स'मध्ये दाखवले, की एल निनो आणि मान्सून यांचे नाते १९८० नंतर कमकुवत झाले आहे. त्यावर प्रतिवादही झाला. २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी विचारले, की वीस-वीस वर्षांचे तुकडे घेऊन गुणांक काढला तर तो योगायोगानेही एवढा वरखाली होऊ शकतो, मग नाते खरेच बदलले की आपल्याला तसे भासले? हा वाद पुरता मिटलेला नाही, आणि शास्त्रातली ही अनिश्चितता लोकांपुढे येण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

आता तो आकडा पाहू. गेल्या दीडशे वर्षांच्या नोंदींत एल निनोची खूण असलेले प्रशांत महासागराचे तापमान आणि भारताचा मोसमी पाऊस यांचा गुणांक उणे ०.५ ते उणे ०.६ च्या घरात येतो. ऐकायला तो मोठा वाटतो. गुणांकाचा वर्ग केला की पावसाच्या चढउतारातला किती भाग या नात्याने समजतो ते कळते. ०.५ चा वर्ग ०.२५, म्हणजे पाव हिस्सा. उरलेले तीन हिस्से दुसऱ्या गोष्टींचे. याहून व्यवहारी हिशेब असा: भारताचा पाऊस सर्वसाधारणपणे सरासरीच्या १० टक्के इकडे-तिकडे हलतो. एल निनोची स्थिती अगदी अचूक माहीत झाली, तर ही अनिश्चितता १० वरून सुमारे ८.७ टक्क्यांवर येते. फायदा आहे, पण एवढाच. ज्याला वाटते की एल निनो कळला म्हणजे पाऊस कळला, त्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

उरलेल्या तीन हिश्श्यांचा शोध १९९९ नंतर वेगाने पुढे गेला. त्याच वर्षी एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि तोशियो यामागाता यांनी हिंदी महासागरातल्या पूर्व-पश्चिम तापमानफरकाचा प्रभाव मांडला. मूळच्या पुण्याच्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर मान्सूनचा पाठपुरावा केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी २००४ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवले, की विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरावर ढग कुठे जमतात याकडेही पाहिले, तर १९९७ चे आणि २००२ चे कोडे बरेच उलगडते. १९९७ मध्ये प्रशांत महासागर विरोधात होता, पण हिंदी महासागर साथीला होता. २००६ मध्ये कृष्ण कुमार यांच्याच गटाने आणखी एक धागा जोडला: पाणी प्रशांत महासागराच्या मध्यभागी तापले तर आपल्याला जास्त जाचते, पूर्वेच्या टोकाला तापले तर कमी. एकाच नावाखाली मोजलेल्या गोष्टीत दोन वेगळे प्रकार मिसळलेले होते आणि एकच गुणांक त्या दोघांची सरासरी सांगत होता.

सरासरीचा हा गोंधळ महाराष्ट्राला सर्वांत महागात पडतो. वर सांगितलेला गुणांक अखिल भारतीय पावसाचा आहे. ती मालिका पुण्यातच बी. पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०६ केंद्रांच्या नोंदींतून १८७१ पासून जुळवली, आणि जगभरचे संशोधक ती वापरतात. इतक्या केंद्रांची बेरीज केली की स्थानिक लहरी एकमेकींना छेद देतात आणि दूरच्या समुद्राचा ठसा स्पष्ट उमटतो. धाराशिवच्या (पूर्वीच्या उस्मानाबादच्या) एका तालुक्यात मात्र ती लहरच सारे काही असते: एखादा मोठा पाऊस शेजारून निघून गेला की हंगाम फिरतो. देशाचा गुणांक तालुक्याला लावता येत नाही. २०२३ मध्ये एल निनो होता, देशाचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला. कागदावर हे वर्ष फारसे वाईट नव्हते, पण त्यातला ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. पाऊस सरासरीच्या ३६ टक्के कमी. सोयाबीन फुलात असताना आलेला असा खंड चार महिन्यांच्या बेरजेत दिसत नाही.

आणखी एका बाजूने गुणांक अपुरा पडतो. तो फक्त सरळ रेषा पाहतो. फ्रँक अँस्कोम यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच रचले; चौघांचा गुणांक ०.८२ च्या आसपास, पण आलेख काढला तर एकात रेषा, दुसऱ्यात वक्र, उरलेल्या दोघांत एकाच भरकटलेल्या बिंदूची करामत. सुलोचना आणि सिद्धार्थ गाडगीळ यांनी २००६ मध्ये पाऊस आणि देशाचे सकल उत्पन्न यांचे नाते असेच आलेखावर पाहिले, तेव्हा ते सरळ निघालेच नाही. तीव्र दुष्काळाने उत्पन्नाचे २ ते ५ टक्के नुकसान होते. भरपूर पावसाने मात्र तेवढा फायदा होत नाही. शेतीचा उत्पन्नातला वाटा अनेक दशके घसरत असतानाही हा फटका कमी झाला नव्हता. धोरण आखणाऱ्याने एकच गुणांक पाहिला असता तर ही विषमता त्याच्या हातून निसटली असती.

अंदाजाची तंत्रे आज बदलली आहेत. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनने समुद्र आणि वातावरण यांची समीकरणे सोडवणारी प्रारूपे पुण्यात उभी केली, आणि २०२१ पासून अनेक प्रारूपांचा एकत्रित अंदाज दिला जातो. ही प्रगती खरी आहे आणि तिच्यावर खर्च झालाच पाहिजे. पण या प्रारूपांची पारख शेवटी होते ती त्यांनी सांगितलेला पाऊस आणि पडलेला पाऊस यांच्या सहसंबंधानेच. आकडा मागच्या दाराने परत येतो, आणि त्याच्या जुन्या अटीही त्याच्याबरोबर येतात.

हवामान खाते आपल्या निवेदनात दुष्काळी, कमी, सर्वसाधारण, जास्त आणि अतिरिक्त अशा पाच गटांची शक्यता टक्क्यांत देते. काहीच माहिती नसताना दुष्काळी वर्षाची शक्यता साधारण १६ टक्के धरली जाते. अंदाजात ती वाढली की घटली, यात खरी बातमी असते. छापून येते मात्र 'यंदा ९६ टक्के पाऊस' असे एकच ओझे पेलू न शकणारे वाक्य. यात वृत्तपत्रांचा दोष आहे आणि तो आमच्या पेशाने कबूल करून दुरुस्त केला पाहिजे. पाच आकडे छापायला जागा लागत नाही.

खात्याकडूनही आणखी एक गोष्ट मागण्याचा महाराष्ट्राला हक्क आहे. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ या चारही विभागांसाठी एप्रिलच्या निवेदनाबरोबर मराठीत एक तक्ता यावा: १९५१ पासूनच्या प्रत्येक एल निनो वर्षी त्या विभागात महिनावार पाऊस किती पडला, त्या वर्षीचा अंदाज काय होता आणि तो किती चुकला. नोंदी पुण्यातच आहेत, आणि त्या मांडायला एकाही नव्या संशोधनाची गरज नाही. कृषी विद्यापीठांनी त्या तक्त्याला पिकांचे वेळापत्रक जोडावे, जिल्हा बँकांनी पीककर्जाची मुदत ठरवताना तो समोर ठेवावा, आणि पीकविम्याच्या अटी ज्या खोलीत लिहिल्या जातात तिथे तो टेबलावर असावा.